सत्तराव्या जागेवरचा सेरीन

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात कुणाला औषध लागू पडले नाही की एक वाक्य हमखास ऐकू येते : "आता शरीराला त्या गोळ्यांची सवय झाली." शेजारच्या आजी म्हणतात, भाजीवाली म्हणते, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले लोकही म्हणतात. माझा जन्म जीवरसायनशास्त्र शिकवण्यात गेला, त्यामुळे हे वाक्य कानावर पडले की मी थांबते आणि बोलते. अँटिबायोटिकची सवय शरीराला होत नसते. औषध ज्या जिवाणूला मारायला घेतले, त्या जिवाणूकडे आता एक वस्तू आलेली असते. खरोखरची वस्तू. तिचे स्फटिक करता येतात, क्ष-किरणांनी तिच्यातला अणू अन् अणू कुठे बसला आहे हे पाहता येते. ती वस्तू म्हणजे एक एन्झाइम, रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, आणि आपल्याकडच्या कितीतरी रुग्णांचे भवितव्य त्या एन्झाइममधल्या चार-पाच अणूंच्या मांडणीवर ठरते आहे. त्या मांडणीबद्दल मराठीत कुणी निवांत बोलत नाही, म्हणून हा लेख.

बडोदेकराने तरी हे समजून घ्यायला हवे असे मला वाटते. हे औषधांचे गाव आहे. १९०७ साली अमीन, गज्जर आणि कोटीभास्कर या तिघांनी इथे अलेम्बिक उभारली, तेव्हा तिथे टिंक्चर आणि अल्कोहोल तयार होत असे. पुढे याच गावात पेनिसिलिन तयार होऊ लागले. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यातली निम्मी पुरुषमंडळी युनिव्हर्सिटीत होती आणि उरलेली कुठल्या ना कुठल्या औषध कंपनीत. पेनिसिलिन हा शब्द आम्ही शाळेत शिकण्याआधी घरात ऐकला.

तर पेनिसिलिन काय करते? जिवाणूच्या पेशीभोवती भिंत असते. आपल्या पेशींना ती नसते, म्हणून हे औषध आपल्याला धक्का न लावता त्याला मारू शकते. ही भिंत म्हणजे शर्करेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे बांधणारे अमिनो आम्लांचे छोटे दुवे. प्रत्येक कच्च्या दुव्याच्या टोकाला डी-ॲलनीन नावाचे अमिनो आम्ल दोनदा, पाठोपाठ येते. भिंत जोडणाऱ्या एन्झाइमच्या पृष्ठभागावर एक खोबण असते. हे टोक तिच्यात येऊन बसते, खोबणीतल्या सेरीन या अमिनो आम्लाचा ऑक्सिजन त्याला धरतो, शेवटचे डी-ॲलनीन गळून पडते आणि उरलेला दुवा शेजारच्या साखळीला जोडला जातो. सेरीन मोकळा होतो, पुढचे टोक येते.

पेनिसिलिनचा रेणू या दोन डी-ॲलनीनसारखा दिसतो. टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी १९६५ साली हे मांडले. फरक एवढाच, की पेनिसिलिनमध्ये त्याच जागी चार अणूंचे एक कडे आहे, तीन कार्बन आणि एक नायट्रोजन. अणूंचे बंध जेवढ्या कोनात सुखाने राहतात त्याहून कितीतरी कमी, जवळजवळ काटकोनात ते वळवलेले आहेत. बीटा-लॅक्टम म्हणतात ते हेच कडे. ते इतके ताणलेले आहे, की अशी रचना खरोखर असेल यावर त्या काळातले मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ विश्वास ठेवायला तयार नव्हते. डोरोथी हॉजकिन यांनी १९४५ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने ती दाखवली तेव्हा वाद मिटला. वर्गात हा भाग शिकवताना माझा तास नेहमी लांबायचा, आणि मी तो लांबू द्यायची.

खोबणीत पेनिसिलिन शिरले की सेरीन नेहमीप्रमाणे हल्ला करतो. कडे फुटते, आणि औषध सेरीनला चिकटून बसते. ते सुटत नाही. पुढचे टोक येण्याची जागाच अडलेली. जिवाणू आतून वाढत राहतो, भिंत काही बांधली जात नाही, आणि शेवटी आतल्या दाबाने तो फुटतो.

आता प्रतिकार करणारे एन्झाइम. त्याला बीटा-लॅक्टमेज म्हणतात. त्यांतले सर्वांत अभ्यासलेले टीईएम-१ हे १९६०च्या दशकात अथेन्समधल्या एका रुग्णाच्या नमुन्यातून मिळाले आणि त्या रुग्णाच्या नावाची पहिली अक्षरे त्याला लागली. २६३ अमिनो आम्लांची ही साखळी स्वतःभोवती घडी घालून बसते. १९८०च्या दशकात अशा एन्झाइमांच्या रचना दिसायला लागल्या, तेव्हा जे दिसले ते मला या सगळ्या विषयातले सर्वांत विलक्षण वाटते : ही घडी भिंत जोडणाऱ्या एन्झाइमच्या घडीशी जुळते. तीच खोबण, तोच सेरीन. साखळीतल्या सत्तराव्या क्रमांकावर तो बसतो. पेनिसिलिन आले की हाही सेरीन तसाच हल्ला करतो, कडे तसेच फुटते, औषध तसेच चिकटते. औषधाचे लक्ष्य आणि औषधाचा शत्रू, दोघे एकाच कुळातले.

फरक पुढच्या पावलात आहे. या एन्झाइमच्या साखळीचा एक फास खोबणीच्या तोंडाशी येतो आणि त्यावरचे १६६व्या क्रमांकाचे ग्लुटामिक आम्ल पाण्याचा एक रेणू धरून ठेवते. कुठे धरावा, तर सेरीन आणि औषध यांच्यातल्या बंधावर नेमका आघात करता येईल अशा जागी. ग्लुटामिक आम्ल त्या पाण्याकडून एक प्रोटॉन काढून घेते, पाणी आक्रमक होते, बंध तुटतो. फुटके, निरुपयोगी पेनिसिलिन बाहेर पडते आणि सेरीन पुन्हा रिकामा. आवडीचे पेनिसिलिन मिळाले तर टीईएम-१चा एक रेणू सेकंदाला हजाराच्या घरात औषधाचे रेणू फोडतो.

पाण्याचा एक रेणू! भिंत जोडणाऱ्या एन्झाइममध्ये तो त्या जागी नाही म्हणून तो जिवाणू मरतो. इथे आहे म्हणून जगतो. संगणकावर हे मॉडेल फिरवून दाखवताना मी विद्यार्थ्यांना आधी बाकीचे सगळे अणू लपवायला सांगत असे. पडद्यावर फक्त सेरीन, ग्लुटामिक आम्ल, मधले पाणी आणि औषध उरले की वर्ग गप्प व्हायचा. प्रात्यक्षिकाच्या दिवशी नायट्रोसेफिन वापरायचो. हे पिवळे रसायन आहे, त्याच्यातही तेच चार अणूंचे कडे. बीटा-लॅक्टमेज असलेल्या जिवाणूंची वसाहत त्यावर घासली की कडे फुटते आणि पिवळ्याचे लाल होते, डोळ्यांदेखत. पुस्तकात वाचलेला अणूंचा खेळ असा रंग बदलून समोर येतो तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसते, त्यासाठी मी शिकवत राहिले.

मागच्या पावसाळ्यात माझ्या आत्याला लघवीचा संसर्ग झाला. ताप, थंडी, वय ऐंशीच्या पुढे. कल्चरच्या रिपोर्टवर ई. कोलाय हा जिवाणू, आणि खाली औषधांची यादी. सेफॅलोस्पोरिनच्या, म्हणजे तेच बीटा-लॅक्टम कडे असलेल्या औषधांच्या रांगेत एकामागून एक 'आर', म्हणजे रेझिस्टंट. तळाशी शेरा : ईएसबीएल पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले, याच कुळातल्या कार्बापेनेम गटातले इंजेक्शन सुरू केले आणि ती बरी झाली. पण अंथरुणावर पडल्या पडल्या तिने मला जे विचारले तो प्रश्न मी विसरले नाही. "अगं, ही इंजेक्शनं मी जन्मात घेतली नाहीत. मग मला सवय कशी झाली?"

यापेक्षा नेमका प्रश्न मला वर्गातही कुणी विचारला नसेल. उत्तर देताना मी तिच्या उशाशी बसून बराच वेळ बोलले. इथे थोडक्यात लिहिते.

टीईएम-१ला हरवण्यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी सेफॅलोस्पोरिन गटातल्या औषधांना मोठ्या, आडव्या पसरणाऱ्या बाजूच्या साखळ्या लावल्या. सेफोटॅक्झिम, सेफ्टाझिडिम ही नावे रिपोर्टवर दिसतात ती यांचीच. हेतू असा, की औषध भिंतीच्या एन्झाइमच्या खोबणीत बसावे पण टीईएमच्या अरुंद खोबणीत अडावे. काही वर्षे तसे झालेही. मग २३८व्या जागेवरच्या ग्लायसीनच्या जागी सेरीन आलेले टीईएम सापडू लागले. एवढ्या एका बदलाने खोबणीची एक कड सरकते, जागा रुंद होते आणि मोठी साखळीही आत मावते. ईएसबीएल म्हणजे अशी, ज्यांचा पल्ला वाढला आहे ती बीटा-लॅक्टमेजे. हा बदल एन्झाइमला महागात पडतो, त्याची घडी कमकुवत होते. त्यावरही उपाय निघाला. खोबणीपासून दूर, १८२व्या जागी मेथिओनीन जाऊन थ्रिओनीन आले, की घडी पुन्हा घट्ट. हे कुणी ठरवून करत नाही. कोट्यवधी जिवाणूंमध्ये नकलेच्या चुका होत राहतात, आणि औषधाच्या उपस्थितीत ज्याची चूक उपयोगी पडली तो उरतो.

आत्याच्या जिवाणूकडचे एन्झाइम कोणते हे रिपोर्टवर नसते, पण आपल्या देशात सर्वांत जास्त आढळते ते सीटीएक्स-एम-१५. ते पहिल्यांदा ओळखले गेले ते दिल्लीत १९९९ साली घेतलेल्या नमुन्यांतून. त्याचे पूर्वज क्लुय्वेरा नावाच्या जिवाणूच्या गुणसूत्रावर शांतपणे होते. तिथून तो जनुक उचलला जाऊन प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर आला, आणि प्लास्मिड एका जिवाणूतून दुसऱ्यात, एका जातीतून दुसऱ्या जातीत जाऊ शकते. माणसातून माणसात ते जाते हात, पाणी आणि अन्नाच्या वाटेने. तेव्हा आत्याने ते इंजेक्शन कधी घेतले नव्हते हे खरे, पण हे एन्झाइम असलेले ई. कोलाय तिच्या आतड्यात कधीतरी येऊन राहिले असणार. आतड्यातून ते मूत्रमार्गात गेले.

आणि इथे आजीबाईंच्या त्या वाक्यात थोडे तथ्य आहे हे मला मान्य करायला हवे. सर्दी-खोकल्याला, जिथे दुखणे विषाणूचे असते, आपण अँटिबायोटिक घेतो. विषाणूला भिंतच नाही, त्यामुळे त्याचे काही बिघडत नाही. आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंपैकी ज्यांच्याकडे ते एन्झाइम नाही ते मात्र मरतात, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांना जागा मोकळी मिळते. बदल झालेला असतो आपल्यात राहणाऱ्यांच्या वस्तीत. पुढे कधी खरेच जिवावर बेतले तर त्या वस्तीतूनच शत्रू उठतो. हे ऐकून आत्या म्हणाली, "म्हणजे मी दर हिवाळ्यात घ्यायचे त्या गोळ्या?" मी म्हटले, "असेल. त्या एकट्या नव्हेत, पण त्याही असतील."

ईएसबीएलची तपासणी कशी करतात तेही तिला सांगितले. जिवाणू पसरलेल्या थाळीवर सेफोटॅक्झिमची चकती ठेवायची आणि जवळच क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असलेली दुसरी. दोन चकत्यांच्या मध्ये, जिथे दोन्ही औषधे एकत्र पोचतात, तिथे जिवाणूंची वाढ थांबते आणि सेफोटॅक्झिमभोवतीची मोकळी जागा दुसऱ्या चकतीकडे ओढल्यासारखी लांबते. क्लॅव्ह्युलॅनिक आम्लातही बीटा-लॅक्टम कडे आहे. एन्झाइम त्यावर हल्ला करते, पण या वेळी जोडलेला रेणू आपली रचना बदलून बसतो आणि पाण्याला तो बंध सहज तोडता येत नाही. जी गत पेनिसिलिनने भिंतीच्या एन्झाइमची केली, तीच क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाने बीटा-लॅक्टमेजची. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून अमॉक्सिसिलिनबरोबर ते बाजारात आहे. घराघरात ती गोळी असते. मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीस या जिवाणूनेच ते बनवलेले. मातीत हा सामना आपल्या किती आधीपासून चालू आहे याचा अंदाज यावरून यावा. कॅनडाच्या युकॉन भागातल्या तीस हजार वर्षे गोठलेल्या मातीत बीटा-लॅक्टमेजची जनुके सापडली, हे २०११ साली प्रसिद्ध झाले. आणि अब्राहम व चेन यांनी पेनिसिलिन फोडणाऱ्या एन्झाइमची नोंद १९४० सालीच केली होती, पेनिसिलिन सर्रास रुग्णांना मिळू लागण्याच्या आधी. एन्झाइम आपण निर्माण केलेले नाही. त्याला मोकळे रान आपण दिले.

एनडीएम-१ या दुसऱ्या एका बीटा-लॅक्टमेजबद्दल लिहिणे मला जड जाते. २००८ साली स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या नमुन्यात ते सापडले. त्याआधी तो दिल्लीत रुग्णालयात होता, म्हणून नाव 'न्यू डेल्ही'. आपल्याकडे त्या नावावरून केवढा गदारोळ झाला! माझ्या मते त्या गदारोळात मूळ गोष्ट हरवली. मूळ गोष्ट ही, की या एन्झाइममध्ये सेरीन नाही. त्याच्या खोबणीत जस्ताचे दोन अणू आहेत, हिस्टिडीन, सिस्टीन आणि ॲस्पार्टिक आम्लाने जागच्या जागी धरलेले. त्या दोन जस्तांच्या मध्ये पाण्यातला हायड्रॉक्साइड तयारच असतो आणि तो थेट कड्यावर हल्ला करतो. औषध एन्झाइमला चिकटण्याचा टप्पाच येत नाही. म्हणजे चिकटून अडवणारे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल इथे निकामी. खोबण उथळ आणि रुंद, तोंडाशी लवचीक फास, त्यामुळे पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन आणि आत्याला वाचवणारी कार्बापेनेम ही सगळी तिथे मावतात. शिवाय हे एन्झाइम एका मेदाच्या टोकाने जिवाणूच्या बाहेरच्या पटलाला बांधलेले असते. आपले शरीर संसर्गाच्या वेळी जस्त लपवून ठेवते. तशा टंचाईतही ही बांधणी त्याला टिकून राहायला मदत करते.

२०११ साली दिल्लीच्या पाण्याची पाहणी प्रसिद्ध झाली. रस्त्यावर साचलेल्या आणि ओहोळांच्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये हा जनुक मिळाला. मी विश्वामित्रीच्या पुलावरून जाते तेव्हा हे आकडे आठवतात. या नदीत शहराचे सांडपाणी मिसळते, आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये ती शहरात शिरली तेव्हा लोकांच्या दिवाणखान्यांत तेच पाणी होते. त्या दिवसांत मगरींची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. मला काळजी डोळ्यांना न दिसणाऱ्यांची वाटत होती. सांडपाण्याच्या शुद्धीकरणाला मी रुग्णालयातल्या स्वच्छतेइतकेच महत्त्वाचे औषधशास्त्र मानते, आणि त्यावर खर्च झालेला प्रत्येक रुपया मला नव्या गोळीच्या संशोधनावरच्या रुपयाइतकाच मोलाचा वाटतो. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला अंदाज आहे.

माझ्या भाच्याचे रावपुऱ्यात मेडिकल स्टोअर आहे. मार्च २०१४ पासून एच-वन यादीतल्या, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या काही औषधांसाठी वेगळे रजिस्टर ठेवावे लागते : डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध, किती दिले. तीन वर्षे ते जपायचे. तो ते मनापासून भरतो. "मावशी, माणूस येतो आणि सेफिक्सिमच्या दोनच गोळ्या द्या म्हणतो. चिठ्ठी नाही. मी नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातो." दोन गोळ्यांनी काय होते हे आता वाचकाला वेगळे सांगायला नको. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५च्या नोबेल व्याख्यानात नेमका हाच इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेने जिवाणू मरणार नाहीत, तरबेज होतील. मी भाच्याला टीईएम आणि एनडीएमच्या खोबणींची दोन रंगीत चित्रे छापून दिली आहेत. ती त्याने गल्ल्याच्या मागे लावली. गिऱ्हाईक विचारते हे काय, मग तो सांगतो. विक्री बुडते, तरी सांगतो. त्याचा मला फार अभिमान आहे.

नव्या औषधांच्या आघाडीवर आशा ठेवावी असे पुष्कळ आहे, आणि त्यातले काही आपल्याकडचे आहे. चेन्नईच्या ऑर्किड फार्माने शोधलेल्या एनमेटाझोबॅक्टमला २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते ईएसबीएलला अडवते. ॲझट्रिओनम या जुन्या औषधाची घडण अशी, की जस्ताच्या एन्झाइमांना ते फोडता येत नाही. सेरीनवाली मात्र फोडतात, म्हणून त्याला ॲव्हिबॅक्टमची जोड दिली. ॲव्हिबॅक्टम सेरीनला चिकटते, पण त्यात चार अणूंचे कडेच नाही. या जोडीला युरोपात २०२४ मध्ये मान्यता मिळाली. आणि औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या वोक्हार्टच्या संशोधकांनी झिडेबॅक्टम बनवले. ते बीटा-लॅक्टमेजला अडवतेच, शिवाय स्वतः भिंत जोडणाऱ्या एन्झाइमांपैकी दोन क्रमांकाच्या एन्झाइमलाही जाऊन चिकटते. सोबतचे सेफेपीम दुसरीकडून भिंतीवर घाव घालते. एनडीएम हजर असले तरी झिडेबॅक्टमचा हा दुसरा घाव चुकत नाही, कारण त्यातही फोडायला बीटा-लॅक्टम कडे नाही. मराठवाड्यातल्या प्रयोगशाळेत कुणीतरी या खोबणींचे मॉडेल वर्षानुवर्षे फिरवून पाहिले असेल, तेव्हा कुठे हे सुचले असेल.

यंदा गणेशोत्सवात आमच्या मंडळाने एक संध्याकाळ मला दिली आहे. पडदा आणि प्रोजेक्टर मंडळाचा, मॉडेल माझे. भाचा रजिस्टर घेऊन येणार आहे, फक्त औषधांची नावे आणि आकडे वाचून दाखवायला. आत्याने पहिल्या रांगेतली खुर्ची मागून ठेवली आहे आणि तिचे प्रश्न एका वहीत लिहून काढले आहेत. पहिला प्रश्न मला आधीच सांगितला : जस्त जर त्या एन्झाइमला लागते, तर औषधाने जस्तच का काढून घेत नाहीत? प्रयोगशाळांत नेमके हेच करून पाहणे चालू आहे. अडचण अशी, की आपल्या स्वतःच्या शेकडो एन्झाइमांना जस्त लागते. जिवाणूचे तेवढे काढायचे आणि आपले राहू द्यायचे, हे जमवणारा रेणू शोधायचा आहे. त्या संध्याकाळी मी सुरुवात याच प्रश्नापासून करणार आहे.